आधारगटाची पुढची तीन वर्षं कशी आखावी? (नाशिक)

प्रश्न: गंगापूर रोडला चिंता-नैराश्यासाठी आमचा आधारगट चालतो. आठवड्यातून एक बैठक, दीड तास, एक समुपदेशक. 40 सभासद, महिना 300 रुपये. जमा 12,000, त्यातून हॉल 3,200, मानधन 6,000, सुपरव्हिजन (समुपदेशकाच्या कामावर अनुभवी तज्ज्ञाची देखरेख) 2,000. उरतात 800. काही जण म्हणतात सिडको-पंचवटीत शाखा काढा, काहींना सगळं ऑनलाइन हवंय. सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठ: शाखांचं नंतर बघा. 40 जणांत दीड तास म्हणजे माणशी जेमतेम दोन मिनिटं, तेवढ्यात कोण मन मोकळं करणार? दहा-दहाचे चार गट करा, प्रत्येकाची बैठक पंधरवड्याला. सहा बैठका होईपर्यंत नवा माणूस घेऊ नका, नाहीतर जमलेला विश्वास दरवेळी पहिल्यापासून जमवावा लागतो.

हिशेब मात्र बदलेल. एका गटाच्या महिन्याला दोन बैठका म्हणजे हॉल-मानधन 4,600, शिवाय सुपरव्हिजनचा वाटा 500. आठ जणांकडून 600 आणि दोन सवलतवाल्यांकडून 300 घेतले तर 5,400 येतात, भागतं. 300 रुपयेच ठेवले तर पडणारी तूट सभासद वाढवून भरून निघत नाही. दर दहा माणसांमागे नवा गट, नवा खर्च.

सातपूरकर: गट पाडताना राहण्याचा भाग आणि कंपनी विचारून घ्या. नाशकात कोण कुणाचा मावसभाऊ निघेल सांगता येत नाही. एकाच खात्यातला सुपरवायझर समोर बसला की कामगार गप्प होतो, पुढच्या वेळी येतच नाही. अंबड-सातपूरच्या शिफ्टवाल्यांसाठी एक गट ऑनलाइन ठेवा, पण दार लावून बसायला खोली आहे का हे आधी विचारा. व्हॉट्सॲप ग्रुप नको, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच त्यावरचा मेसेज पोचतो, हे प्रवेशाच्या वेळीच सांगा. निफाड-दिंडोरीचे सभासद असतील तर द्राक्षकाढणीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचा नवा गट सुरू करू नका. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची पर्वणी आहे, पंचवटीत हॉल घेणार असाल तर ते महिने वगळूनच करार करा.

मनमोकळं: आधारगट म्हणजे उपचार नव्हे, हे प्रवेश अर्जावर ठळक लिहा. घरच्या एका माणसाचा नंबर आणि अडचणीत त्याला फोन करायची संमती, दोन्ही तेव्हाच घ्या. कुणी जीव द्यायचं बोललं तर समुपदेशकाने त्याला बाजूला घेऊन स्पष्ट विचारायचं, एकटं सोडायचं नाही, घरच्यांना बोलवायचं, मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, रात्रंदिवस चालू असते. धोका समोरच असेल तर थेट 112.

तीन वर्षांचं म्हणताय तर संस्था नोंदवा. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याने किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा. इथेच बहुतेक छोट्या संस्था अडकतात. मानधन घेणाऱ्या समुपदेशकाला कार्यकारिणीत घेऊ नका, आणि समुपदेशकाने गटाच्या बैठकीत केलेल्या नोंदी संस्थेच्या कपाटात नकोत. कार्यकारिणी दर काही वर्षांनी बदलते, चावी कुणाच्याही हाती जाते.