मथळा खरा ठरला असता तर… तुमचे न आलेले अनुभव लिहा

जुन्या वर्तमानपत्रांचे मथळे चाळायला बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. आतल्या मजकुरात 'कळते', 'समजते' अशा पळवाटा ठेवलेल्या असतात, मथळा मात्र छातीठोक. तर खेळ असा : छापून आलेला खराखुरा मथळा घ्यायचा, तो अक्षरशः खरा ठरला असं धरायचं आणि त्या जगात आपल्याला आलेला अनुभव सांगायचा. मथळा मनचा नको. ज्या बातम्यांत माणसं दगावली त्याही नकोत. टायटॅनिकवरचे सगळे वाचल्याचं १५ एप्रिल १९१२ ला छापून आलं होतं. त्यावर हसू नये असं माझं मत.

निवृत्त कालवेवाला

न्यूयॉर्क टाइम्स, २७ ऑगस्ट १९११ : 'मंगळवासीयांनी दोन वर्षांत दोन प्रचंड कालवे बांधले.'

बातमीचं मूळ पर्सिव्हल लॉवेल यांच्या वेधशाळेत. लॉवेल दुर्बिणीतून मंगळावर रेघा बघायचे आणि त्या कालवे आहेत असं शपथेवर सांगायचे. इकडे पृथ्वीवर पनामाच्या कालव्याला फ्रेंचांनी १८८१ मध्ये हात घातला, दमून सोडून दिला, अमेरिकेने १९०४ मध्ये काम हाती घेतलं आणि तो १९१४ मध्ये खुला झाला. लांबी जेमतेम ८० किलोमीटर. ही तुलना आमच्या साहेबांच्या डोक्यात शिरली आणि मंगळावरून दोन अभियंते प्रतिनियुक्तीवर मागवले गेले.

त्यांना कामाची माहिती द्यायला मी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, ''पाणी कुठून कुठे न्यायचंय?'' आमच्या कार्यालयात हा प्रश्न त्याआधी कुणी विचारला नव्हता, त्यामुळे जरा शांतता पसरली. मी म्हटलं, ''ते नंतर. आधी भूसंपादन.'' भूसंपादन म्हणजे काय हे समजावण्यात पावसाळा गेला. जमीन ग्रहाची नसून माणसांची असते, आणि एका तुकड्याची सात भावांची असते, यावर त्यांचा विश्वासच बसेना. मग त्यांनी रात्रीतून बारा किलोमीटर खणून ठेवलं. सकाळी मोजमाप पुस्तिकेत नोंद करायला कुणी हजर नव्हतं म्हणून ते काम झालेलंच नाही असं ठरलं आणि पुन्हा बुजवायचा आदेश निघाला. बुजवण्याचं देयक मात्र वेळेवर निघालं.

पुढे ते रुळले. अस्तरीकरणाच्या जाडीवर टिपणी लिहायला शिकले, शेपटाकडच्या शेतकऱ्यांना ''पाणी सुटलंय, वाटेत असेल'' असं सांगायला शिकले. दोन वर्षं संपताना त्यातल्या एकाने मुदतवाढीचा असा अर्ज लिहिला की आम्ही तो नमुना म्हणून फायलीत लावून ठेवलाय. दुसरा परत गेला. तिकडचा तिसरा कालवा अजून चालू आहे म्हणतात.

खिळेजुळारी

काका, मानलं! आता माझा.

शिकागो डेली ट्रिब्यून, ३ नोव्हेंबर १९४८ : 'ड्यूई यांनी ट्रुमन यांना हरवले.' अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. जुळाऱ्यांचा संप चालू होता, म्हणून अंक नेहमीपेक्षा लवकर छपाईला सोडावा लागला आणि निकालाआधीच मथळा बसवला गेला. निवडून आले ट्रुमन, निर्वाचक मतं ३०३ विरुद्ध १८९. तो अंक उंच धरून हसतानाचा त्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो.

आमच्या जगात छापलं तेच खरं. त्यामुळे मतदान केंद्रं ओस पडली आणि छापखान्यापुढे मंडप उभे राहिले. मी साधा मुद्रितशोधक, पण उमेदवार मला वाकून नमस्कार करायचे. एकदा घाईत एका नावातली वेलांटी चुकली आणि भलताच गृहस्थ निवडून आला. बिचारा निवडणुकीला उभाही नव्हता. त्याने सहा महिने फार चांगला कारभार केला. मग आम्ही शुद्धिपत्र काढलं आणि त्याला उतरावं लागलं. लोक अजून माझ्याशी बोलत नाहीत.

खिडकीची जागा

न्यूयॉर्क टाइम्स, ९ ऑक्टोबर १९०३ : 'न उडणारी उडती यंत्रे'. माणसाला उडवणारं यंत्र तयार व्हायला दहा लाख ते एक कोटी वर्षं लागतील असं त्यात होतं. राइट बंधूंनी त्याच वर्षी १७ डिसेंबरला उडून दाखवलं ते सोडा. आमच्या जगात पणजोबांनी तिकीट काढून ठेवलंय. प्रतीक्षायादीत आम्ही पहिले आहोत, एवढंच समाधान.

शंकासुर

वरचा अग्रलेख आहे, बातमी नाही. पण ते चालत असेल तर त्याच पत्राचा १३ जानेवारी १९२० चा अग्रलेखही घ्या. पोकळीत ढकलायला काही नसतं, तेव्हा तिथे रॉकेट चालणार नाही, आणि रॉकेटवर संशोधन करणारे गॉडर्ड यांना शाळेत शिकवतात तेवढंही ज्ञान नाही, असा एकूण सूर. दुरुस्ती छापली १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. गॉडर्ड १९४५ मध्येच गेले होते.

माझा अनुभव : यान अर्ध्या वाटेत थांबलं. खाली उतरून धक्का कोण मारणार यावरून आमची भांडणं चालू आहेत.

बाई आल्या

१८३५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या 'द सन'ने चंद्रावरच्या सजीवांची लेखमाला छापली. वटवाघळासारखे पंख असलेली माणसं, दोन पायांवर चालणारे आणि विस्तव वापरणारे बीव्हर (लाकडं कुरतडून धरणं बांधणारा प्राणी). सगळं खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांच्या नावावर खपवलेलं.

माझी बदली तिथल्या शाळेत झाली. ''खाली बसा'' म्हटलं की वर्ग छताला लटकायचा. फळा उलटा लावून घेतला तेव्हा कुठे शिकवणं सुरू झालं. बीव्हरांची मुलं फार शहाणी, पण बाकं कुरतडून त्यांचं धरण बांधायची. खरी पंचाईत वेळापत्रकाची. चंद्रावरचा दिवस म्हणजे आपले साडेएकोणतीस दिवस. ''उद्या पालकांना घेऊन ये'' असं बजावलं की पालक महिन्याने उगवायचे, तोवर गुन्हा काय होता हे मीच विसरलेली. मधल्या सुट्टीत मी दोन स्वेटर विणले.

आकडेमोड

१७ सप्टेंबर १९५४, पुन्हा न्यूयॉर्क टाइम्स. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस आदल्या दिवशी भाषणात म्हणाले होते की मुलांच्या पिढीला वीज इतकी स्वस्त मिळेल की मीटर लावायची गरज उरणार नाही. मथळ्यातही तेच आलं.

मी मीटर वाचणारा. मीटर गेले, नोकरी राहिली. आता घरोघरी जाऊन मीटर नाही ना, याची खात्री करतो आणि वहीत शून्य लिहितो. एका घरून लेखी तक्रार आली आहे की शेजाऱ्यांपेक्षा त्यांचं शून्य मोठं आहे. सोमवारी फेरतपासणीला जातोय, सोबत साहेबही येणार आहेत.