डाउन सिंड्रोम : आईच्या वयापलीकडचे काही

आईचे वय पस्तिशीपुढे असेल तरच डाउन सिंड्रोमची (पेशींत २१ क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन असल्याने होणाऱ्या, वाढीवर व बुद्धीवर परिणाम करणाऱ्या जन्मजात स्थितीची) काळजी करावी, या मताला थोडी पुस्ती जोडावीशी वाटते. वयाबरोबर शक्यता वाढते हे खरेच. पण तरुण वयातील बाळंतपणे संख्येने कितीतरी अधिक असल्याने अशी अनेक बाळे तरुण मातांच्याच पोटी जन्मतात. अशा सुमारे ९५ टक्के बाळांमध्ये २१ क्रमांकाचे तिसरे गुणसूत्र सुटे असते, तर तीन-चार टक्क्यांत ते १४ क्रमांकासारख्या दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले असते आणि ही रचना पूर्णपणे निरोगी असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडूनही आलेली असू शकते. म्हणूनच चेहऱ्यावरून निदान करून न थांबता बाळाची गुणसूत्रे तपासावीत. पुढच्या गरोदरपणातील धोका त्यावरच ठरतो. आईला बोल लावणाऱ्या घरांत तर हे आवर्जून सांगायला हवे.

असे बाळ हातात घेतल्यावर सैल लागते, दूध ओढताना चटकन दमते. ‘अशक्त आहे, भरेल हळूहळू’ असे म्हणून ते सोडून देऊ नये. जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो आणि पहिल्या काही दिवसांत तो स्टेथोस्कोपने ऐकू येईलच असे नाही. त्यामुळे हृदयाची इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी) प्रत्येकाचीच करावी. थायरॉइडची तपासणीही तशीच प्रत्येकाची करावी. हिरवी उलटी झाली, तर मात्र आतड्यात अडथळा असू शकतो, तेव्हा सकाळची वाट न पाहता बाळाला रुग्णालयात न्यावे.