मोठ्यांसाठीच्या डार्क परीकथा, काय वाचू?

रातकिडा:
लोकहो मदत हवीये. मोठ्यांसाठी परीकथा लिहायचा नाद लागलाय, पण लिहायला बसलं की एकतर चांदोबा होतो नाहीतर नुसता रक्ताचा सडा. हिमगौरीची गोष्ट घेतली, सावत्र आई अजून दुष्ट केली, दोन खून वाढवले, तर बायको वाचून म्हणते भीती नाही वाटली, जांभई आली.

शेवग्याची_शेंग:
अरे सावत्र आई अजून दुष्ट काय करतोस, जर्मन ग्रिम भावांच्या परीकथासंग्रहाच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ती सख्खी आई आहे! १८१९ ला तिला सावत्र केली. सख्खी आई लेकीचं काळीज मीठ लावून शिजवून खाते (निघतं रानडुकराचं, पण तिला कुठे माहितीये) हे बहुतेक पचलं नसावं लोकांना. शेवटी लेकीच्याच लग्नात तिला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचवतात. हे मात्र ठेवलं हां, पण त्यांच्याच दुसऱ्या गोष्टीत मनोऱ्यात कोंडलेली रॅपुन्झेल विचारते माझे कपडे घट्ट का व्हायला लागलेत (दिवस गेलेले असतात), ते वाक्य काढलं 😂

मुंबईकर७८:
इंग्रजी चालत असेल तर अँजेला कार्टरचा १९७९ चा 'द ब्लडी चेंबर' हा कथासंग्रह. त्यात बायका मारणाऱ्या नवऱ्याची जुनी गोष्ट बायकोच सांगते, फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या मूळ गोष्टीत तिला सोडवायला भाऊ येतात, इथे आई येते घोडा फेकत. भाषा जड आहे, मला दोनदा वाचावी लागली.

पाटावरची_सुरी:
एवढं लांब कशाला जाता, श्रावणातली शीतळासप्तमीची कहाणी काढा. आटपाट नगर, राजाने तळं खणलं, पाणी लागेना, जळदेवता म्हणते सुनेचा थोरला मुलगा दे. राजा सुनेला माहेरी पाठवतो, पोराला न्हाऊमाखू घालून, जेवू घालून तळ्यात पलंगावर निजवतो, की भरलं तळं. आमची आजी हे ज्या आवाजात सांगायची ना त्याच आवाजात पुढे विचारायची भाजीला मीठ बरोबर आहे का. रातकिडा, तुझं तिथेच चुकतंय बघ, तू घाबरवायला जातोस आणि कहाणी घाबरवतच नाही, नुसतं सांगून पुढे जाते. न्हाऊ घातलं हेच वाचून माझ्या पोटात खड्डा पडतो, रक्त नाही काही नाही.

मुंबईकर७८:
पण त्यात पोरगा परत मिळतो ना, सून तळ्याची पूजा करते आणि तो पाण्यातून तिचे पाय ओढतो. म्हणजे शेवट गोडच की.

पाटावरची_सुरी:
गोड? परत मिळाला तरी त्याच घरात राहायचंय, त्याच सासऱ्याला वाढायचंय.

रातकिडा:
बाप रे. आणि रोज पाणी त्याच तळ्यातून भरायचंय. हिमगौरी डिलीट केली, सून घागर घेऊन निघालीये, बघू.