लाकडी बोर्ड 'मागास' म्हणणाऱ्यांनो, जरा मागे जाऊन बघा

सुरीवाला
काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं: "लाकडी चॉपिंग बोर्ड म्हणजे जंतूंची धर्मशाळा. पूर्वी पर्याय नव्हता म्हणून लोक लाकूड वापरत. प्लॅस्टिक आलं आणि स्वयंपाकघर सुधारलं." खाली अंगठ्यांचा पाऊस. राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

पर्याय नव्हता? दगड होता, धातू होता, भाजलेली माती होती. तरी माणसानं कापायला लाकूडच धरलं, कारण त्यावर सुरीची धार टिकते. इ.स.पू. 206 मधली चीनची होंगमनची मेजवानी घ्या, जिथे पाहुण्याला मारायचा डाव होता. जीव वाचवून पळायची वेळ आली तेव्हा फान क्वाई हा लढवय्या आपल्या मालकाला, म्हणजे त्या पाहुण्याला, सांगतो, ते यजमान सुरी आणि फळी, आपण त्यावरचं मांस-मासळी. म्हणजे फळी तेव्हाच बोलण्यात मुरलेली होती.

पॉलिथिलीन हे प्लॅस्टिक सापडलं 1933 मध्ये, बोर्डाला लागतं तसलं टणक पॉलिथिलीन 1953 मध्ये. ते लाकडापेक्षा स्वच्छ, हे बराच काळ सगळ्यांनी गृहीतच धरलं. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि सहकाऱ्यांनी काम सुरू केलं तेही लाकूड प्लॅस्टिकइतकं निर्धोक कसं करता येईल ते शोधायला. निघालं भलतंच. लाकडात जंतू आत ओढले जातात, सहसा वर येत नाहीत आणि आतच मरतात. उलट चरे पडलेलं प्लॅस्टिक हातानं घासून साफ होईना. 1994 मध्ये हे छापून आलंय. वाचा.

स्वच्छता_आधी
"कुणीतरी" कशाला? मीच ती. सरळ नाव घ्यायचं होतं.

सोयीचं तेवढंच सांगितलंत. त्याच अभ्यासात नवं प्लॅस्टिक धुऊन सहज साफ झालं होतं, ते कुठे गाळलंत? हॉटेलांच्या स्वयंपाकघरात लाल बोर्ड कच्च्या मांसाला, निळा कच्च्या मासळीला, हिरवा सॅलडला, असे रंग ठरलेले असतात. ते काय वेडे आहेत?

आमच्या घरी एकदा सगळे आडवे झाले होते. बोर्ड लाकडी. मधोमध भेग, भेगेत काळी रेघ. नखानं खरवडली तर बुळबुळीत काहीतरी निघालं. तुमचा अभ्यास त्या रेघेला दाखवा.

सुतारपक्षी
भेग पडलेला बोर्ड वापरत होतात, यात लाकडाचा काय दोष?

माझं दुखणं वेगळंच आहे. इथे सगळे "लाकूड" असं म्हणतात जणू ते एकच असतं. सागात सिलिका, म्हणजे वाळूतला कठीण पदार्थ असतो, तो धार खातो. बांबू तर गवत आहे, पट्ट्या डिंकानं चिकटवलेल्या. अमेरिकेच्या फूड कोडमध्येही, म्हणजे अन्नसुरक्षेच्या नियमावलीत, मेपल झाडाच्या कठीण लाकडाला मुभा आहे, वाटेल त्या फळकुटाला नाही. आणि बोर्ड सिंकमध्ये भिजत टाकणाऱ्यांनी वादात पडूच नये. धुवा, पुसा, उभा करून वाळवा. तेल लावायचं तर मिनरल ऑइल. खायचं तेल चिकट होतं, खवट वास मारतं.

काचेची_बाजू
तुम्ही भांडत बसा. मी काचेचा वापरते. चरे नाहीत, वास नाही, एक फडका मारला की संपलं.

धारवेडा
काच!! अहो, काचेवर सुरी टेकते तो आवाज ऐकून दात आंबतात. काच चरत नाही म्हणजे कोण चरतंय? सुरी! एक करा. सुरी दिव्याखाली धार वर करून धरा. चांगली धार दिसतच नाही. बोथट झालेली जागा पांढरी चमकते.

काचेची_बाजू
सुरी माझी, बोर्ड माझा. तुमच्या दातांची जबाबदारी मी घेतलेली नाही.

धारवेडा
बोथट सुरीच बोट कापते, कारण जोर लावावा लागतो. माझ्या भावानं टोमॅटोच्या सालीवरून सुरी घसरवून अंगठ्याला टाके घेतलेत. बोर्ड कसला होता, सांगू?

काचेची_बाजू
भावाला सुरी धरायला शिकवा. (बघितली मी दिव्याखाली. चमकते. झालं समाधान? काच सोडणार नाही.)

स्वच्छता_आधी
माझा मुद्दा राहिला बाजूला, इथे दंतकथा सुरू.

पाणीपुसणी
प्लॅस्टिकवाल्यांनो, कापताना त्याचे बारीक कण अन्नात जातात, 2023 मध्ये मोजलेत. त्यावर गप्प का?

स्वच्छता_आधी
त्याच अभ्यासात उंदरांच्या पेशींवर ठळक दुष्परिणाम दिसला नव्हता. तेवढं वाचायचं राहिलं वाटतं. बरं, चरे पडलेलं प्लॅस्टिक फेकावं, हे मान्य. सुरीवाल्यांना आज पेढे वाटू द्या.

सुरीवाला
फेकावं म्हणजे कधी? पहिल्या महिन्यातच चरे पडतात. पण कच्च्या मांसाला वेगळा बोर्ड हवा, याला माझी कधीच ना नव्हती.

सुतारपक्षी
सुरीवाले, एक राहिलं. तुमच्याच होंगमनच्या मेजवानीत त्याच फान क्वाईनं ढाल जमिनीवर पालथी टाकली, तिच्यावर डुकराचा खांदा ठेवला आणि तलवारीनं कापून खाल्ला. "माणसानं लाकूडच धरलं" ना?

काचेची_बाजू
हा माणूस मला आवडला.

सुरीवाला
तो लढवय्या होता, आचारी नव्हे! विषय इतिहासाचा आहे, काचेसाठी वेगळा धागा काढा.

काचेची_बाजू
इतिहासच चाललाय. आधी ढालीचं उत्तर द्या.