ड्रायरमध्ये मिऱ्यांचा वास उडतोय, गांजावाले टर्पीनचे तक्ते इथे चालतील का? (मदत हवी आहे)

पोफळीखाली (फोंडा):

नमस्कार मंडळी, धाग्याचं नाव वाचून कुणी पोलिसांना फोन लावू नका, प्रश्न मिऱ्यांचाच आहे.

आमचं फोंड्याकडे छोटं कुळागर आहे, पोफळींवर मिरवेली चढवल्यात, बहुतेक पन्नियूर जातीच्या. मिरी काढायच्या दिवसांत अंगण सुपारीने भरलेलं असतं, वर रात्रीचं दंव पडतं, म्हणून यंदा इलेक्ट्रिक ड्रायर घेतला. देणारा म्हणाला 70 वर लावा, लवकर मोकळे व्हाल. मिरी दिसायला एक नंबर झाली, काळीभोर, कडक, सुरकुत्या नीट, जिभेवर झणझणीत. पण वास म्हणून नाही हो. आईने सुपात उन्हावर वाळवलेली मूठभर मिरी खलात नुसती ठेचली तर लिंबाच्या सालीसारखा, थोडा लाकडासारखा वास पार बाहेरच्या खोलीत आला, आणि ड्रायरवाली ठेचली तर ठसका लागला, बाकी काही नाही. तिखटपणा पिपरिन नावाच्या द्रव्याचा आणि ते उडून जात नाही इथपर्यंत कळलं.

मग वास नेमका कशाने जातो हे शोधायला बसलो तर दर दुसरं पान गांजाचं! कॅनडाने 2018 मध्ये कायदेशीर केल्यापासून या विषयावर लोकांनी एवढं लिहून ठेवलंय की आपल्या मसाल्यांवर त्याच्या निम्मंही सापडत नाही. आणि गंमत म्हणजे टर्पीनांची, म्हणजे वास देणाऱ्या उडत्या द्रव्यांची, नावं तीच, पायनिन, लिमोनिन, मिर्सिन, कॅरिओफिलिन, जी मिऱ्यातही आहेत. म्हणून विचारतो:

कुठलं टर्पीन किती डिग्रीला उकळतं त्याचे ते तक्ते खरे का? पायनिन 156 ला उकळतं, मिर्सिन 167, लिमोनिन 176, लिनालूल 198, इथपर्यंत ठीक, पण कॅरिओफिलिन कुठे 119 तर कुठे 130, ह्युम्युलिन तर 106. हे दोघे 15 कार्बनवाले, लिमोनिन 10 कार्बनचं, मग जड असून आधी कसे काय उकळतात? आणि समजा तक्ता खरा, तरी माझा ड्रायर 70 लाच होता, 156 च्या जवळपास पण नाही, मग वास गेला कुठे? ते गांजावाले 15-16 डिग्रीला, 60 टक्के आर्द्रतेत हळूहळू वाळवा सांगतात, ते आपल्या हवेत कसं जमायचं ते त्यांनाच ठाऊक.

नळीफुंक्या (म्हापसा):

तुमची शंका बरोबर आहे बाब, तक्ताच गंडलेला आहे. कॅरिओफिलिनचा तो 130 च्या आसपासचा आकडा कमी दाबाखालचा आहे, लॅबमध्ये व्हॅक्यूम लावून ऊर्ध्वपातन करतात तेव्हाचा. ह्युम्युलिनचं 106 पण तसंच. कुणीतरी दाबाचा रकाना गाळून आकडा उचलला आणि पुढे सगळ्यांनी तोच छापला. साध्या हवेच्या दाबाला कॅरिओफिलिन 250 च्या वर जातं. म्हणजे 10 कार्बनवाली मोनोटर्पीनं आधी, 15 वाली सेस्क्विटर्पीनं मागाहून, हाच क्रम.

आता 70 ला वास का गेला. उडून जायला उकळावंच लागतं असं कुणी सांगितलं? दोरीवरचे कपडे वाळतात तेव्हा पाणी कुठे उकळतं. प्रत्येक तापमानाला थोडी वाफ होतच असते, गरम केलं की ती भराभर वाढते, आणि ड्रायरचा पंखा ती सतत बाहेर ढकलत राहतो. उकळबिंदूवरून फारतर कोण आधी जाणार एवढं कळतं, अमुक डिग्रीखाली सगळं सुरक्षित असा अर्थ काढला की फसलात.

गांजावर तर हे मोजलेलं आहे. मिसिसिपी विद्यापीठातल्या संशोधकांचा 1996 चा पेपर आहे, ताज्या कळ्यांच्या तेलात सुमारे 92 टक्के मोनोटर्पीनं होती, वाळवून 3 महिने ठेवल्यावर 62 टक्क्यांवर आली. आणि तेही साध्या खोलीच्या तापमानाला! म्हणून जुन्या मालाचा लिंबूपणा आधी जातो आणि लाकडी वास मागे उरतो. तुमच्या डब्यातल्या जुन्या मिऱ्यांचं पण हेच होणार.

धागाराखण (संपादक):

चर्चा रसायनशास्त्राची आहे तोवर चालू दे. फक्त आठवण, आपल्याकडे 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा आहे, 2020 च्या शेवटी गांजाच्या वैद्यकीय लागवडीचा नुसता प्रस्ताव आला तर गोव्यात केवढा गदारोळ झाला होता. तेव्हा "कुठे मिळेल" छाप प्रतिसाद उडवले जातील.

वेलदोडा (सत्तरी):

संपादकसाहेब, इथे मिरी विकायचे वांधे, ते कुठे पिकवायला जातात!

पोफळीखाली, त्यांचं तंत्र जसंच्या तसं उचलू नका. गांजात तेल असतं ते बाहेरून चिकटलेल्या बारीक ग्रंथींत, वर पातळ पापुद्रा तेवढाच, हात लागला तरी फुटतो, म्हणून ते इतके जपतात. मिऱ्यात तेलाच्या पेशी सालीच्या आत असतात, दाणा अख्खा असेल तर बराच तग धरतो. त्यामुळे 15 डिग्रीच्या नादी लागाल तर वास राहायच्या आधी बुरशीच येईल. आम्ही घोस सोडवून दाणे फडक्यात बांधून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवतो, मग पातळ थर पसरून 50-55 वर, मध्ये दोनतीनदा हलवून. बुडवल्यामुळे रंग एकसारखा येतो आणि वाळायला वेळ कमी लागतो, तोच खरा फायदा. जास्त वेळ बुडवलं तर मात्र नीट काळीच पडत नाहीत.

आणि दळून विकत असाल तर गिरणीचं बघा. पीठ हाताला चटका देतं, तिथेही बराच वास जातो. अख्खीच विका, दोन पैसे जास्त मिळतील.

पोफळीखाली (फोंडा):

देव बरें करूं दोघांचं. मिनिटभर बुडवून 50 वर एक खेप काढली, वेळ जास्त गेला, विजेचं बिल काय येईल ते येईल, पण ठेचल्यावर वास आहे. आईच्या मिऱ्यांइतका नाही, तरी आहे. आता पावसाच्या शेवटी तिरफळं येतील ती पण ह्याच ड्रायरमध्ये घालू का?

वेलदोडा (सत्तरी):

घाला, पण 40-45 च्या वर नेऊ नका, तिरफळाचा वास सगळा त्या वरच्या सालीतच आणि साल सुकताना उकलते. सालं उकलली की काळं बी झाडून टाका, ते आमटीत कचकचतं. आणि हवाबंद काचेच्या बरणीत काळोखात ठेवा, चुलीवरच्या फळीवर नको.

नळीफुंक्या (म्हापसा):

तिरफळात पण लिमोनिन, सॅबिनिन वगैरे हलकीच मंडळी, म्हणून तर बांगड्याच्या आमटीत ती शेवटाला, जरा चेचून घालतात. वाळवलेल्यातली पावशेर माझ्या नावावर राखून ठेवा, पैसे देईन.