आवाज थेट समोर येऊन बसला असं वाटायला लावणारी गायिका तुम्हाला कुठे सापडली? (जॅझ, अकूस्टिक)

मंडळी, नुसती अल्बमची यादी नकोय, यादी कुठेही मिळते. ती गायिका तुमच्यापर्यंत कशी पोचली आणि ऐकताना नेमकं काय झालं ते लिहा. माझ्यापासून सुरुवात करतो. डायना क्रॉलचा पॅरिसच्या ऑलिंपिया थिएटरमधला लाइव्ह अल्बम (२००२), त्यात जोनी मिचेलचं 'अ केस ऑफ यू' आहे, फक्त पियानो आणि ती. मी तोवर जॅझ म्हणजे सॅक्सोफोन-ट्रंपेट एवढंच धरून चाललो होतो, आणि इथे एक बाई ओळ अर्ध्यात सोडते, पियानो पुढे जातो, मग ती मागून येऊन शब्द ठेवते. श्वास घेतलेला ऐकू येतो. रेकॉर्डिंग अल श्मिट यांचं आहे हे नंतर कळलं, मग त्यांचं नाव जिथे दिसेल ते ऐकत सुटलो. गायिका शोधायची असेल तर इंजिनियरचं नाव धरून शोधा, हा रस्ता मला फार उपयोगी पडलाय. आता तुम्ही लिहा.

---

छान धागा दादा. मी टोरांटोत राहते, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं, काउबॉय जंकीज हा बँड, अल्बम द ट्रिनिटी सेशन. ईटन सेंटर मॉलला लागून होली ट्रिनिटी नावाचं जुनं चर्च आहे, तिथे २७ नोव्हेंबर १९८७ ला या लोकांनी मधोमध एकच कॅलरेक अँबिसॉनिक माइक (सगळ्या बाजूंचा आवाज टिपणारा) ठेवला, सगळे वादक त्याच्याभोवती गोल करून बसले, आणि त्यांची गायिका मार्गो टिमिन्स हिचा आवाज पीए स्पीकरमधून (म्हणजे लाउडस्पीकरमधून) त्या माइकपर्यंत गेला. नंतर आवाज वर-खाली करायची सोयच नाही, कोण किती लांब बसलाय तेच मिक्सिंग. पहिलं गाणं ती एकटीच गाते, साथीला काहीही नाही, आणि तुम्हाला त्या छताची उंची ऐकू येते, खरंच सांगते, उंची. मी मॉलमध्ये जाता-येता ते चर्च कितीदा पाहिलं होतं, हे माहीत नव्हतं. कळल्यावर आत जाऊन हेडफोन लावून बसले. मार्गो ओरडत नाही, जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत गाते, आणि त्या जागेनेच तिला मोठं केलंय.

---

मी पुण्यात रेकॉर्डिंगचं काम करतो, मुख्यतः शास्त्रीय गायन, म्हणून थोडं तांत्रिक. वरच्या ताईंनी लिहिलेलं चर्च हे एक टोक. दुसरं टोक म्हणजे ज्युली लंडन, १९५५ चा 'ज्युली इज हर नेम', साथीला बार्नी केसलची गिटार आणि रे लेदरवुडचा बेस, बस. ती माइकच्या अगदी जवळून गाते. जवळ गेलं की एका दिशेचा आवाज घेणाऱ्या माइकमध्ये खालचे स्वर फुगतात, आवाज उबदार होतो, पण प, ब, स, श सांभाळायला गायिका पक्की लागते, नाहीतर फुस्स आणि सीसी. तिने ते इतकं सांभाळलंय की मी नवीन मुलांना माइकसमोर कसं गायचं हे शिकवताना तेच ऐकवतो. आपल्याकडच्या गायकांना तोंड फिरवून गायची सवय असते, तान घेताना मान हलते, तिथे हे दाखवलं की लगेच पटतं. वाद्यं कमी असली की आवाजाला जागा मिळते, हे कुठल्याही महागड्या माइकपेक्षा महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत.

---

नोरा जोन्स. कम अवे विथ मी, २००२. आमच्या घरी ती 'रविशंकरांची मुलगी' म्हणून आली आणि मग नोरा म्हणून राहिली. आईला इंग्रजी कळत नाही, पण स्वयंपाक करताना तिला हीच लागते.

---

इव्हा कॅसिडी. वॉशिंग्टनच्या ब्लूज अ‍ॅली क्लबमधलं जानेवारी १९९६ चं लाइव्ह रेकॉर्डिंग. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती कॅन्सरने गेली, वय ३३. तिचं नाव खऱ्या अर्थाने पसरलं ते नंतर, बीबीसी रेडिओवर वाजायला लागल्यावर, आणि २००१ मध्ये तिचा 'साँगबर्ड' ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेला. मी हे बाबांच्या आजारपणात ऐकायचे, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, साध्या इयरफोनवर. भारी सिस्टिम वगैरे काही नव्हती हो, तरी गिटारच्या तारेवरचं बोट आणि तिचा आवाज दोन्ही वेगवेगळे कळायचे. चांगलं रेकॉर्डिंग साध्या वस्तूवरसुद्धा चांगलंच लागतं असं मला वाटतं.

---

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. 'ऑडिओफाइल गायिका' (आवाजाच्या दर्जाचे शौकीन ऐकतात त्या) ऐकता ऐकता एक धोका आहे, सगळं गुळगुळीत, सगळं मंद, शोरूममध्ये स्पीकर विकायला बरं. माझं मत बिली हॉलिडेने बदललं. लेडी इन सॅटिन, १९५८, न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत केलेलं, तोही आधी चर्चच होता बरं का. मागे रे एलिसचा मोठा ऑर्केस्ट्रा, आणि पुढे तिचा झिजलेला, फाटलेला आवाज. पुढच्या वर्षी ती गेली. तो माइक काहीही लपवत नाही, शब्दाच्या शेवटी आवाज कसा तुटतो ते सगळं येतं. आवाज जसा आहे तसा येऊ देणं, हे माझ्या लेखी उत्तम रेकॉर्डिंग. पहिल्यांदा मला सोसवलं नव्हतं, दोन गाण्यांनंतर बंद केलं. आता तोच अल्बम सगळ्यात जवळचा आहे.

---

^ १००% सहमत. आणि एक आपलं नाव राहिलंय, आशा पुथली! मुंबईची मुलगी, हिंदुस्थानी संगीत शिकलेली, आणि १९७१ मध्ये न्यूयॉर्कला ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन'साठी दोन गाणी गायली. कोलमन म्हणजे फ्री जॅझचा, ठरलेली चौकट सोडून वाजवणारा सॅक्सोफोनवाला, ब्रासची झुंबड उठलेली असते आणि ही त्याच्यावरून लांब मींड घेत जाते. आपल्या कानाला ती मींड लगेच ओळखू येते. मला हे कॉलेजात एका सीनियरने ऐकवलं, नाव न सांगता, आणि म्हणाला सांग कुठली असेल. मी विचारात पडले, मग त्याने सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला.

---

इयरफोनवाल्या ताईंना: बरोबर आहे तुमचं, पण फाइल कुठली आहे त्याने फरक पडतो. एमपी३ बनवताना कार्लहाइंझ ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' कसोटीला घेतलं होतं, कारण त्यात वाद्य नाही, नुसता बाईचा आवाज, आणि सुरुवातीला तो पार बिघडत होता. मागे ड्रम असले की दोष झाकले जातात, एकट्या आवाजात नाही. म्हणून अ‍ॅपमध्ये क्वालिटी सेटिंग वर करा आणि मग ऐका. शिवाय नंतरची रीमास्टर्ड (जुन्या रेकॉर्डिंगवर पुन्हा काम करून काढलेली) आवृत्ती दरवेळी चांगली असेलच असं नाही, बऱ्याचदा सगळं जोरात करून ठेवतात आणि श्वास, कुजबुज, मोठा स्वर एकाच उंचीवर येतात.
माझी गायिका: रादका टोनेफ, नॉर्वे, 'फेअरीटेल्स', १९८२. फक्त ती आणि स्टीव्ह डोब्रोगोश यांचा पियानो. अल्बम आला त्याच वर्षी ती गेली, जेमतेम तिशीची. रात्री ऐका, एकट्याने, मधे फोन घेऊ नका.

---

धागाकर्ता: रादका लावली, पहिलं गाणं तीनदा ऐकून झालं, पुढे जाववत नाहीये. बिलीबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांचेही आभार, तो अल्बम मी टाळत होतो. आता मला एक विचारायचंय. गोव्याच्या लोर्ना, क्रिस पेरींच्या बँडबरोबर मुंबई-कलकत्त्याच्या नाइटक्लबांत गायच्या त्या, त्यांच्या जुन्या कोंकणी रेकॉर्ड्सची नीट, आवाज न घासता केलेली कॉपी कुणाकडे ऐकायला मिळेल का? माझ्याकडे आहे त्यात ब्रास पुढे आणि लोर्ना मागे पडलीय. मूळ तबकडी कुणाच्या घरी असेल तर कळवा, पणजी असो की माहीम, मी येऊन ऐकेन.