शब्दचर्चा: ‘गुणविशेष’ की ‘प्रकार’?

प्रश्न:
कर्मचाऱ्यांसाठीच्या एका प्रश्नावलीचं भाषांतर तपासतोय. मुळात पर्सनॅलिटी ट्रेट आणि पर्सनॅलिटी टाइप असे दोन शब्द आहेत. भाषांतरकाराने दोन्हीकडे ‘स्वभावप्रकार’ ठोकून दिलंय. ट्रेटला काय म्हणावं?

प्रतिसाद १:
ट्रेट म्हणजे गुणविशेष. आधी ‘किती’ लावून बघा. किती चिकाटी, किती तापटपणा? उत्तर कमी-जास्तमध्ये आलं की गुणविशेष. ‘कोणता’ विचारावं लागलं की प्रकार. वैद्यही ‘प्रकृती कोणती’ हेच बघतात: वात, पित्त की कफ.

प्रतिसाद २:
मग ‘अंतर्मुख’ कुठे बसवायचा? मायर्स-ब्रिग्ज या स्वभावचाचणीच्या १६ प्रकारांतही तो आहे आणि पाच गुणविशेष मोजणाऱ्या बिग फाइव्हमध्येही.

प्रतिसाद १:
मानसशास्त्रज्ञ युंगने १९२१ मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख मांडले ते प्रकार म्हणून. बिग फाइव्हमध्ये बहिर्मुखता ही कमी-जास्त मोजायची पट्टी आहे आणि बहुतेक माणसं तिच्या मधल्या भागात सापडतात. मायर्स-ब्रिग्जमध्ये मात्र मधोमधच्या माणसालाही इकडचं नाहीतर तिकडचं अक्षर (अंतर्मुखाला I, बहिर्मुखाला E) चिकटतं. मराठीत शेपूट बघायचं: बहिर्मुख हा माणूस, बहिर्मुखता हा गुण. तसंच भांडखोर आणि भांडखोरपणा. ऑलपोर्ट-ओडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजी कोशातून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचले होते. आपल्याकडे नुसते ‘-खोर’वाले वेचायला बसलं तरी दुपार जाईल.

प्रतिसाद ३:
‘लक्षण’ का नको? दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा, दहावा पढतमूर्खाचा. मूर्ख हा प्रकार, आत यादी लक्षणांची. जोडी तयारच आहे.

प्रतिसाद २:
शब्द चोख, पण आता लक्षणं म्हटलं की ताप-खोकला, नाहीतर ‘पोराची लक्षणं ठीक दिसत नाहीत’. फॉर्म भरणारा बिचकेल. नुसतं ‘गुण’ लिहिलं तर परीक्षेचे मार्क वाटतील.

प्रश्नकर्ता:
‘स्वभावगुण’ घेतो. गुणविशेष जरा पुस्तकी वाटतो. पण निकालाच्या कागदावर ‘तुमचा गुणविशेष: अंतर्मुख’ असं छापलंय, त्याचं काय?

प्रतिसाद १:
चाचणी पट्टीवाली आहे ना? मग ‘बहिर्मुखता: ५० पैकी १९’ एवढंच छापा.